लॅग, पिंग, जिटर: गेम ‘अडकतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

कानामात्रा: गेमिंग कॅफेच्या भिंतीवर लावायच्या सूचना मराठीत करायच्या आहेत. ‘गेम लॅग होत असल्यास’ याच्यापुढे गाडं सरकत नाही. शब्दकोशात लॅगला मागे पडणे, रेंगाळणे, विलंब असे अर्थ मिळतात. खेळणारी मुलं मात्र ‘लॅग मारतोय’, ‘पिंग वाढलाय’, ‘गेम अडकतोय’, ‘नेट उडतंय’ हे सगळं एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात. सरसकट ‘विलंब’ लिहिलं तर चालेल? की ‘दिरंगाई’?

तारजोड: दिरंगाई नकोच. मूळ फारसी शब्द, आणि मराठीत त्याला माणसाच्या ढिलाईचा वास आहे. फाइल टेबलावर पडून राहते ती दिरंगाई. केबल काही चालढकल करत नाही. ‘विलंब’ बरोबर आहे, पण एकाच प्रकाराला. लॅग म्हणून जी तक्रार येते तिच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी असतात. कधी संदेश सर्व्हरपर्यंत, म्हणजे गेम चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत यायलाच जास्त वेळ लागतो, त्या वेळेचा आकडा म्हणजे पिंग. कधी तो वेळ दर क्षणाला बदलतो, तो जिटर. कधी पॅकेट, म्हणजे संदेशाचा छोटा तुकडा, वाटेतच नाहीसं होतं. आणि कधी नेटचा काडीचाही संबंध नसतो, फोन तापलेला असतो आणि चित्रंच वेळेत काढू शकत नाही. या चौथ्या प्रकारात राउटर बदलून काय होणार? एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला काढलेल्या चित्रांचा, आकडा पडतो आणि पिंग जागचा हलत नाही, ही त्याची खूण. सूचनेत त्याला ‘चित्र अडखळते’ म्हणा आणि बाकीच्यांपासून आधीच वेगळं काढा.

वाटसरू: ‘पिंग’ला हात लावू नका, तो आहे तसाच छान आहे. अमेरिकी प्रोग्रॅमर माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा वेळ मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारचा आवाज म्हणून हे नाव दिलं. ते आद्याक्षरांचं लघुरूप आहे असं सांगणारा जो विस्तार फिरतो, तो मागाहून चिकटवलेला. थोडक्यात हा टणटण, खणखण यांच्याच जातीचा नादशब्द. शिवाय तो जो संदेश पाठवतो त्याचं तांत्रिक नाव प्रतिध्वनीची मागणी असंच आहे. मराठीत समजावताना ‘साद घालून पडसाद यायला लागणारा वेळ’ म्हटलं की जाण्याचा आणि येण्याचा असा दोन्ही वेळ मिळून तो आकडा आहे, हेही आपोआप कळतं. अनेकांना तो एकाच बाजूचा वाटतो.

समेवर: जिटरसाठी ‘थरथर’, ‘अस्थिरता’ असे शब्द वाचले आहेत. दोन्ही फसवे, कारण पडद्यावर काहीच थरथरत नाही. गाण्यातून शब्द घ्यावा असं सुचवेन. लय विलंबित असली तरी ठेका पक्का असेल तर गवई आरामात समेवर येतो. ठेकाच मागेपुढे झाला की मध्य लयीतही फजिती. पिंगचं तेच. सलग ९० मिलिसेकंद असला तर हात त्याला सरावतो, गेमही भरपाई करतो. ३० वरून १४०, परत ३५, मग ११०, असं चाललं की सरासरी कमी दिसूनही नेम लागत नाही. म्हणून ‘पिंगचा ठेका चुकणे’.

तारजोड: समजावायला उत्तम. लेबलवर मात्र ‘पिंग सारखा वर-खाली’ लिहा, मुलांना ते वाचताक्षणी कळेल.

कानामात्रा: पण खेळणाऱ्याने यातलं आपलं कोणतं, हे ओळखायचं कसं? ते कळल्याशिवाय शब्द वेगळे करून उपयोग काय?

तारजोड: विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, बहुतेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, समजा १.१.१.१. नुसतं पिंग लिहिलं तर चारच पॅकेट जातात, त्यातून काहीच ठरत नाही. पत्त्याच्या आधी वजा चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालू राहतं. गेम खेळत असतानाच दहा मिनिटं चालू ठेवा आणि अडकल्यासारखं वाटलं की लगेच दोन्ही खिडक्या बघा.

केबलने जोडलेला राउटर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर देतो, वायफायवर दोन ते पाच हे ठीक. राउटरच्याच खिडकीत मधूनच ८०, १२० दिसले किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर दोष घरातल्या घरात आहे. इंटरनेट कंपनीला फोन करून फायदा नाही. राउटर शांत आणि बाहेरची खिडकी उसळते, तर लाइन किंवा कंपनी. दोन्ही शांत पण गेममधला पिंग वाढतो, तर तो सर्व्हर किंवा तिकडे जाणारा रस्ता. आणि तिन्ही शांत असूनही अडकतंय, तर ते वर म्हटलेलं ‘चित्र अडखळणं’.

घरातला दोष बहुधा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झचा. सोसायटीत वीस-पंचवीस राउटर त्याच पट्ट्यात असतात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथेच. गेमसाठी ५ गिगाहर्ट्‌झ घ्या, चॅनेल ३६ ते ४८ मधला. ५२ च्या पुढच्या बऱ्याच चॅनेलवर रडार आढळलं तर राउटरला जागा सोडावी लागते आणि तेव्हा जोडणी क्षणभर तुटते. केबल टाकता आली तर हा सगळा परिच्छेदच बाद. फक्त टाकल्यावर जोडणीचा वेग तपासा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, क्लिपमध्ये एक तार नीट बसली नसेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते. गेमला तेही भरपूर आहे, पण अर्धवट बसलेली तार पुढे पॅकेट खाऊ लागते.

वाटसरू: ‘पॅकेट खाते’ हेच मस्त आहे की! ‘पॅकेट गळती’पेक्षा कितीतरी चांगलं. गळती म्हटलं की थेंब थेंब पाझरणं डोळ्यासमोर येतं, आणि पॅकेट अर्धं पोचत नाही. एक तर पोचतं, नाही तर नाही.

तारजोड: लेखी मजकुरात ‘पॅकेट गहाळ होणे’ ठेवा. ट्रेसरूट, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा, चालवून बघताना या शब्दावरून हमखास गैरसमज होतो, तोही इथेच सांगतो. मधल्या एखाद्या टप्प्यावर ताऱ्यांच्या खुणा (*) दिसल्या की लोक ‘इथे पॅकेट गहाळ होतात’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवतात. बरेचसे राउटर अशा चौकशीला उत्तर देणं शेवटच्या प्राधान्यावर ठेवतात किंवा देतच नाहीत, आणि तरी पुढची वाहतूक व्यवस्थित सोडत असतात. त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत तूट दिसली तरच ती खरी.

कानामात्रा: खेळाडू पुढे पळतो आणि झटक्यात मागच्या जागी येतो, त्याला मुलं ‘रबरबँड’ म्हणतात. हा पाचवा प्रकार का?

समेवर: नाही, हा परिणाम आहे. बटण दाबल्यावर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता गेम तुम्हाला तुमच्या पडद्यावर पुढे नेतो, नाहीतर प्रत्येक पाऊल पिंगएवढं उशिरा पडेल. सर्व्हरला मधली पॅकेट मिळालीच नाहीत तर त्याच्या हिशेबात तुम्ही जुन्याच जागी असता. त्याचा निकाल आला की गेम तुम्हाला तिथे नेऊन ठेवतो. त्यामुळे रबरबँड दिसला की आधी गहाळ पॅकेट किंवा जिटर शोधा. सलग ९० असलेल्या पिंगवर तो सहसा होत नाही. मराठीत ‘मागे खेचला जाणे’.

याचं जुळं भावंड म्हणजे भिंतीआड पोचल्यावरही मरणं. तिथे सर्व्हर गोळी मारणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते मागे जाऊन तपासतो. ती बिघाडाची खूण नव्हे, रचनाच तशी आहे. मुलं त्यालाही लॅगच म्हणतात आणि राउटर बंद-चालू करत बसतात.

तारजोड: आता पिंग वाढण्याचंच एक कारण, ज्याला मराठीत आधीपासून अचूक शब्द आहे: तुंबणे. घरात कुणी फोटो क्लाउडवर चढवायला लावले की पिंग २५ वरून थेट ३०० वर जातो, आणि अपलोड संपलं की पुन्हा २५. मोडेम किंवा राउटर जाणारी पॅकेट रांगेत साठवून ठेवतो. रांगेत अडीचशे किलोबाइट साठले म्हणजे २० लाख बिट. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ते निघायला २०० मिलिसेकंद लागतात. गेमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. इंग्रजीत बफरब्लोट म्हणतात त्याला. आपण ‘रांग तुंबणे’ म्हणावं.

म्हणूनच ‘२०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी लॅग’ ही तक्रार येते. गेमला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. ओळखायचं असं: बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवून एक मोठी फाइल अपलोड करा. आकडा शे-दोनशेने चढला तर रांग तुंबते आहे. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आवरण्याची सोय) असेल तर ते चालू करून अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. मोजलेल्या, प्लॅनवर छापलेल्या नव्हे. मर्यादा वेगाच्या बरोबरीने ठेवली तर रांग पुन्हा मोडेममध्ये जाते आणि तुमच्या ताब्यात राहत नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली असेल तर तिथे एसक्यूएमसाठी केक हा पर्याय निवडा. राउटरला ही सोय नसेल तर क्लाउडच्या अॅपमध्ये अपलोडचा वेग बांधून ठेवा, किंवा सरळ रात्री लावा.

दूरदेशी: फ्रँकफर्टहून पुण्यातल्या भावंडांबरोबर मुंबईच्या सर्व्हरवर खेळायचं तर पिंग किती खाली आणता येतो? एसक्यूएम, केबल सगळं आहे.

वाटसरू: इथे ‘विलंब’ हा शब्द शंभर टक्के लागू. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे ६५ च्या खाली कुणाच्याही बापाला जाता येणार नाही. केबल सरळ जात नाहीत. भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र, अरबी समुद्र असा वळसा असतो. १२०-१३० आला तर तक्रार करू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ मुंबईला येणाऱ्या सी-मी-वी ४ आणि आयमीवी या केबल तुटल्या, तेव्हा वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवावी लागली. असं झालं की घरात काहीच न बदलता आकडा चढतो.

व्हीपीएनने (जोडणी दुसऱ्या वाटेने नेणाऱ्या सेवेने) फरक पडतो तो फक्त कंपनी उगाच लांबचा वळसा घेत असेल तर. आधी चाचणी घ्या, मग पैसे भरा. आणि डीएनएस बदलून पिंग कमी होतो हे विसरा. डीएनएस नावाचा पत्ता शोधून देतो आणि बाजूला होतो, सामना सुरू झाल्यावर त्याला काही काम नसतं.

कानामात्रा: तर माझी पाटी अशी: चित्र अडखळते, पिंग जास्त, पिंग सारखा वर-खाली, पॅकेट गहाळ, रांग तुंबली. आवाज मागून येतो ही तक्रार कुठे घालू?

तारजोड: यात कुठेच नाही. चित्र वेळेवर आणि गोळीचा आवाज मागून, म्हणजे ब्लूटूथचा इयरफोन. आवाज गुंडाळून पाठवण्यात तो सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद खातो. इयरफोनला गेम मोड असेल तर चालू करा, नाहीतर वायरचा लावा. पाटीवर वेगळी ओळ टाका: ‘आवाज मागे पडतो’.

समेवर: एक राहिलं. पिंग ‘वाढला’, ‘वाढली’, ‘वाढलं’ तिन्ही कानावर येतं. वर सगळ्यांनी पुल्लिंगी वापरलाय, पाटीवरही तोच ठेवा. आणि ‘मिलिसेकंद’मधला लि ऱ्हस्व.