ॲन्युरिझममध्ये कॉईल भरल्यावर भोवतालची सूज वाढली – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, जुना मधुमेह. मेंदूच्या डाव्या कॅरोटिड धमनीवर साधारण २६ मिमीचा फुगा (ॲन्युरिझम) निघाला. २५ मिमीच्या पुढचा, म्हणून डॉक्टर त्याला ‘जायंट’ म्हणतात. फुटलेला नव्हता, पण आत थोडी गुठळी आधीपासूनच होती. मांडीतून कॅथेटर घालून फुग्यात कॉईल (धातूच्या बारीक तारा) भरल्या, वर फ्लो डायव्हर्टर (धमनीत बसवायची बारीक जाळी) बसवला. आई चालत घरी आली.

काही आठवड्यांनी डोकेदुखी सुरू झाली आणि शब्द सापडेनासे झाले. चमचा हातात धरून “ते... ते...” करत राहते. एमआरआयच्या फ्लेअर चित्रात (यात सूज पांढरी दिसते) फुग्याभोवती आधी पातळ पांढरी कड होती, ती आता टेम्पोरल भागात (कानाजवळचा मेंदू) चांगलीच पसरली आहे. डॉक्टरांचं म्हणणं, फुगा आतून गोठतोय, त्याच्या भिंतीला दाह होतो आणि शेजारचा मेंदू सुजतो. उपचार फसलेत असं लगेच समजू नका. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलंय. त्याने बोलणं सुधारलं, पण साखर ३००च्या वर गेली.

कोणाच्या घरी असं झालंय का? सूज उतरायला किती वेळ लागला? आणि स्टिरॉइड कमी करताना त्रास उलटला का? नातेवाईकांपैकी एकजण क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणारी गोळी) बंद करा म्हणून मागे लागलेत, तेही सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी रेडिओलॉजीत काम करतो. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन डॉक्टरांना न विचारता अजिबात थांबवू नका. नव्या जाळीत गुठळी झाली तर थेट पक्षाघात. नातेवाईकांना माझं नाव सांगा हवं तर!

नुसती ‘सूज वाढली’ एवढ्यावरून काही ठरत नाही. फुग्यात अजून रक्त भरतंय का, त्याचा आकार वाढलाय का, आणि एमआरआयच्या डिफ्युजन चित्रात नवा इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला मेंदूचा भाग) आहे का, हे विचारा. रक्त भरणं थांबलं असेल तर दाह ओसरून फुगा आकसायला बरेचदा महिने लागतात. रक्त भरतंय आणि सूजही वाढतेय, तर मात्र लवकर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र) करून बघतात, कारण मोठे फुगे फ्लो डायव्हर्टरनंतरही क्वचित फुटतात. अचानक असह्य डोकेदुखी, आकडी, हातपाय लुळे पडणं यांपैकी काही झालं तर ओपीडीची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टी.

प्रतिसाद २
माझ्या मिस्टरांना असंच झालं होतं. स्टिरॉइड हळूहळू उतरवलं. मध्ये एकदा डोकेदुखी परतली तेव्हा डोस पुन्हा थोडा वाढवावा लागला. बोलण्यासाठी स्पीच थेरपी लगेच सुरू करा, सूज उतरेपर्यंत थांबू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. जुन्या-नव्या दोन्ही एमआरआयच्या सीडी काढून ठेवल्यात, गोळ्या सुरूच आहेत. स्टिरॉइड चालू असेपर्यंत कोणाला इन्सुलिन घ्यावं लागलं का? आई सुईला फार घाबरते.