ऑनलाईन बॅकगॅमन लीगला नाव देऊ का? आणि फासे खरंच सरळ असतात का?

घोडबंदरवाला
नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो, ट्रेनमध्ये टाईमपास म्हणून मोबाईलवर बॅकगॅमन (दोन फासे टाकून सोंगट्या पळवायचा दोघांचा पटावरचा खेळ) सुरू केलं आणि आता पुरता नाद लागलाय. सुटा डाव बरा जातो पण ७ पॉइंटची मॅच असली टूर्नामेंटमध्ये की पहिल्याच राउंडला घरी. समोरच्याला नेमके हवे तेव्हा डबल सहा पडतात, माझी एकटी सोंगटी दिसली की मारलीच म्हणून समजा. आता एका ऑनलाईन लीगमध्ये जागा आहे, दर आठवड्याला एक मॅच, नाव देऊ का? आणि तो डबलिंग क्यूब (डावाचे पॉइंट दुप्पट करायचा ठोकळा) पुढे आला की घ्यायचा कधी, सोडायचा कधी, कोणीतरी मराठीत नीट सांगा प्लीज.

ट्रान्सहार्बर
नाव द्याच! फाशांवरचा संशय घरीच फेडून घ्या, ग्नू बॅकगॅमन हा कॉम्प्युटरचा प्रोग्राम फुकट आहे, त्यात फासे हाताने भरायची सोय आहे. स्वतःचे खरे फासे टाका, आकडे भरा, तरी तो तुम्हाला हरवेल, कारण तो चाल अशीच करतो की पुढचे जास्तीत जास्त फासे त्याला चांगले पडावेत आणि आपल्याला वाटतं नशीब. डबल तर ३६ पैकी ६ वेळा पडणारच, म्हणजे २४ वेळा फासे टाकले तर साधारण ४ डबल, आपल्याला फक्त झोंबलेले लक्षात राहतात.

आता तुमची ती एकटी सोंगटी. समोरच्याच्या सोंगटीपासून ६ घरं लांब असेल तर ३६ पैकी १७ फाशांवर मरते, ७ घरं लांब ठेवली तर फक्त ६ फाशांवर (सहा-एक, पाच-दोन, चार-तीन, बस). मध्ये अडवलेली घरं असली तर आणखी कमी. एका घराचा फरक आहे हो! हे पाठ झालं की निम्मी रडारड थांबते.

वाशीची_मृण्मयी
क्यूबचं मी सांगते, मला या खेळात सगळ्यात जास्त तेच आवडतं. समजा अगदी एकसारखे ४ डाव आले आणि समोरच्याने चारही वेळा डबल केलं, म्हणजे क्यूब पुढे केला; घेतलात तर डाव २ पॉइंटचा, सोडलात तर १ पॉइंट देऊन डाव तिथेच संपला. चारही सोडले तर ४ पॉइंट गेले. चारही घेतले, ३ हरलात तर ६ गेले, १ जिंकलात तर २ आले, म्हणजे हिशोब तोच, वजा ४. म्हणून चारातला एक डाव जिंकायची आशा असेल तर घ्यायचा, घाबरून सोडायचा नाही. वर क्यूब तुमच्याकडे येतो, पुढचं डबल फक्त तुम्हीच करू शकता, तो फायदा वेगळाच. पण गॅमनची भीती असेल, म्हणजे तुमची एकही सोंगटी बाहेर निघायच्या आत समोरचा संपवेल असं दिसत असेल, तर २५ टक्के पुरत नाहीत कारण तिथे दुप्पट जातात.

आणि मॅचमध्ये स्कोअर बघितल्याशिवाय क्यूबला हात लावू नका. ७ च्या मॅचमध्ये एकाचे ६ झाले की लगेचच्या एका डावात क्यूब बंद, त्याला क्रॉफर्ड म्हणतात. त्यानंतरही मॅच चालू राहिली तर मागे असलेल्याने पहिल्याच संधीला डबल करायचं, हरला तर मॅच तशीही जाणारच आहे ना! टूर्नामेंटमध्ये कितीतरी जण हे विसरतात आणि हातातली मॅच घालवतात.

ऐरोली_नाका
दोघांनी खेळाचं सांगितलंय, मी वेळेचं सांगतो. लीग मध्य युरोपातली असेल तर त्यांचे रात्रीचे ८ म्हणजे आपले हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. सकाळची लोकल असेल तर आधीच समोरच्याला मेसेज करून शनिवार-रविवारची दुपार ठरवून घ्या, बहुतेक जण मान्य करतात. ट्रेनमधून लीगची मॅच खेळू नका, नेटवर्क गेलं तरी घड्याळ थांबत नाही. आणि पैसे लावायचा विषयच नको, २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आलाय, पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आहे.

मॅच झाली की अॅनालिसिसला टाकायचीच, जिंकलात तरी. त्यात पीआर आकडा येतो, म्हणजे तुमच्या चुकांची सरासरी, तो जितका कमी तितका खेळ चांगला, जगातले वरचे खेळाडू ३-४ च्या आसपास असतात. जिंकलो-हरलो सोडा, तो आकडा महिन्याला खाली येतोय का तेवढं बघा.

घोडबंदरवाला
वा, मृण्मयीताई, क्यूबचा हिशोब पहिल्यांदा डोक्यात शिरला. नाव देतोय. एक विचारतो, ठाणे-वाशी पट्ट्यात समोरासमोर खेळायला कोणी आहे का? खऱ्या पटावर खेळायचंय.

वाशीची_मृण्मयी
मी आहे, पट पण आहे माझ्याकडे. सुरुवातीला ५ पॉइंटच्या मॅच ठेवू, चौघं जमलो तर सगळ्यांनी सगळ्यांशी एकेक. घड्याळ नसेल तर मोबाईलवरचं बुद्धिबळाचं चालतं, त्यात डिले (दर चालीला तुमचा वेळ कापायला लागायच्या आधीची सूट) १२ सेकंद आणि पॉइंटमागे २ मिनिटं लावा, म्हणजे ५ च्या मॅचला प्रत्येकी १० मिनिटं.

ट्रान्सहार्बर
मी तिसरा. रविवार सोडून कधीही, रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो.