तुलना करण्याआधी कोडबुक उघडा
लोकांची मतं कशी बदलली हे बघायला एकाच सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांची टक्केवारी थेट शेजारी ठेवा, असा सल्ला दिला जातो; त्यात थोडी भर. आधी कोडबुकात (प्रश्न, पर्याय आणि त्यांचे कोड यांच्या यादीत) दोन्ही वेळचा प्रश्न शब्दशः जुळतो का ते बघा. 'माहीत नाही' हा पर्याय एकदाच दिला असेल, तर तुलना तिथेच फसते. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे या अनेक देशांतल्या मतसर्वेक्षणाच्या फाइलींत -१ म्हणजे 'माहीत नाही', -२ म्हणजे उत्तर दिलं नाही. हे कोड न वगळता सरासरी काढली की आकडा गुपचूप खाली सरकतो, आणि सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही! भारांकाचा (कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं त्या आकड्याचा) कॉलम वापराच. १,००० जणांच्या नमुन्यात ±३ टक्के असलेली त्रुटीमर्यादा (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) त्यातल्या १०० तरुणांपुरती ±१० च्या आसपास जाते. भारांक लावल्यावर सहसा आणखी वाढते.