१५० चा प्लॅन, बेडरूममध्ये जेमतेम १८

खिडकीतला_कावळा: मंडळी, फायबरचा एकच डबा आहे, मोडेम-राउटर दोन्ही त्यातच. प्लॅन १५० एमबीपीएसचा पण बेडरूममध्ये मोबाईलवर १८ च्या वर जात नाही आणि रात्री ९ नंतर तर व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत बसतो. कंपनीवाला म्हणतो रीस्टार्ट करा. चारदा केलं. डबा हॉलमध्ये टीव्हीमागे शोकेसमध्ये आहे.

चहाबाज: आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून बघ, तिथे १४० च्या आसपास आला तर घोळ वायफायचा. आणि तो डबा बाहेर काढ रे, देव्हारा आहे का तो?

खिडकीतला_कावळा: केबलवर ९४ आला, हे काय आता??

वायरमन_काका: ९४ म्हणजे केबल नाहीतर पोर्ट (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसवर अडकलंय. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलच्या आठही तारा लागतात, चारच जोडल्या असतील तर मिळणार नाही, केबल बदल. मोबाईल बहुतेक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असेल, अख्खी सोसायटी तिथेच, त्यात १, ६, ११ पैकी मोकळा चॅनेल लाव नाहीतर ५ गिगाहर्ट्झवाला घे, फक्त तो भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतो.

खिडकीतला_कावळा: केबल बदलली, १४६! डबा कपाटावर ठेवला, बेडरूममध्ये ५ वर ७० येतोय. आई म्हणते शोकेसमध्येच बरा दिसत होता.