विमान ढग पळवत नाही, एवढं तरी समजून घ्या

मांजराकाठ: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, 'कृत्रिम पावसाची विमानं चांदीचा धूर मारतात, ढग वाळतो, आमचा पाऊस पळवतात.' खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. वाचून डोकं उठलं, म्हणून लांबण लावतोय.

ढगातलं पाणी शून्याला गोठतंच असं नाही. आधाराला कण मिळाला नाही तर बारीक थेंब उणे 38 अंशांपर्यंत पाणीच राहतो. विमान सोडतं तो 'चांदीचा धूर' म्हणजे सिल्व्हर आयोडाइड, चांदी आणि आयोडीनचं संयुग. त्याच्या कणावर अणूंची मांडणी बर्फाच्या षटकोनी जाळीशी जुळते. त्यावर पाण्याचे रेणू बसतात तेच बर्फासारखे रचून, आणि उणे 5-6 अंशांपासूनच स्फटिक धरतो. त्या थंडीत बर्फावरचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडायचा जोर, पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून भोवतालचे थेंब विरतात आणि त्यांची वाफ स्फटिकावर जमते. स्फटिक जड होऊन सुटतो, वाटेत वितळतो, पाऊस पडतो. वाळतात ते थेंब, आणि ते पाणी त्याच ढगात राहतं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बर्नार्ड व्हॉनेगटने या भुकटीचा हा गुण शोधला तो 1946 मध्ये. अजून आपण 'पळवला' म्हणतोय!

कोरडवाहू: प्रयोगशाळा राहू द्या. आमच्या शिवारावर काळंभोर आभाळ होतं. विमान घिरट्या घालून गेलं आणि तासाभरात लख्ख ऊन. सोयाबीनने माना टाकलेल्या. हे या डोळ्यांनी पाहिलंय.

पाषाण_रोड: तसा एकटा उभा ढग तास-अर्ध्या तासात आपोआपही विरतो. आणि मांजराकाठ, चांदी-चांदी काय लावलंय? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या सोलापूरच्या प्रयोगात ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा धूर सोडला होता. तिथे थेंब थेंबाला मिळून मोठा होतो, बर्फाचा संबंध नाही. वाऱ्याच्या दिशेला 100 चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी सुमारे 18 टक्के वाढल्याचं त्यांनी मांडलंय. बर्फाचा पुरावा हवा तर अमेरिकेतल्या आयडाहोचा बघा. जानेवारी 2017 मध्ये सिल्व्हर आयोडाइड सोडत विमान जसं नागमोडी गेलं तशाच रेषा रडारवर उमटल्या.

टँकरमुक्त: 18 टक्के कशाचे? आभाळात टिपूस नसेल तर शून्याचेच ना! 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हाही उसाचे पाट वाहत होते. आधी ऊस बंद करा.

फडकरी: आला ऊस! काहीही विषय असो, शेवटी आमच्याच बोकांडी. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, तरी आहे. सोयाबीनला हमीभाव हातात पडू द्या, उद्या ऊस मोडतो.

टँकरमुक्त: धरणातलं पाणी एकट्या फडकऱ्याचं आहे का? माझी आई रात्री दोनला टँकरच्या रांगेत उभी राहायची.

फडकरी: आणि माझी काय बंगल्यात होती? तोंड सांभाळून लिहा. ठिबक करून बसलोय, अनुदानाचा पत्ता नाही.

मांजराकाठ: ऊस दुसरीकडे भांडा. पाषाण_रोड, सोलापूरचं मान्य. पण 'पळवला' तरीही खोटंच.

पाषाण_रोड: सरसकट खोटं म्हणू नका. कण वाजवीपेक्षा जास्त सोडले तर स्फटिक उदंड होतात, वाटणीला पाणी पुरत नाही, सगळे बारीक राहून वरच तरंगतात. पाऊस घटू शकतो. मात्र त्यासाठी थंड ढग आणि मात्रेची मोठी चूक लागते.

कोरडवाहू: म्हणजे घटू शकतो! हेच तासभर वदवून घ्यावं लागलं. बरं, कणावर बर्फ धरतो, मानलं. मग विमान किती वाजता उडालं, काय सोडलं, रडारवर ढग कसा होता, हे त्याच दिवशी चावडीवर लावा. पळवला का नाही ते आमचं आम्ही ताडून बघू.