शपथ झाली, बॅज लागले, पोस्टर चिकटवले. प्रेस शॉपवर जागरूकता खरंच कशी आणायची?

क्वालिटीवाली_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत शीट मेटलच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. पेठ-सुरगाण्याकडची पोरं, बाकी यूपी-बिहारची. सेफ्टीला वेगळा माणूस नाही, त्यामुळे ते खातंही माझ्याच गळ्यात.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन केला. सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, फोटो ग्रुपवर गेले. त्याच आठवड्यात सेकंड शिफ्टला राउंड मारला, तर एका प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं, भोकं पाडायचं मशीन) दोन पुशबटणांपैकी एकात पुठ्ठ्याची घडी खुपसलेली. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून ती दोन्ही एकदम दाबायची असतात. ऑपरेटर एका हाताने पीस धरतोय, दुसऱ्याने उरलेलं बटण मारतोय. मी ओरडले, पुठ्ठा काढला, तो "सॉरी मॅडम" म्हणाला. परवा परत तेच!

त्याच लाइनच्या ब्रॅकेटला होल सरकल्याची कस्टमर कम्प्लेंट आलीये, तिचा एट-डी (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट) पण मलाच भरायचाय. मूळ कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहून मोकळी हो, असं सगळे सांगतात. मालक म्हणतात, बाहेरून ट्रेनर बोलाव, दोन तासांचं सेशन ठेव. कोणाला अनुभव आहे का? त्याने फरक पडतो?

सिन्नर_एचआर

सेशन-बिशन ठीक आहे, पण भीती पाहिजे. आमच्याकडे सेफ्टी शूज नसतील तर गेटवरूनच परत. बटण बायपास केलं तर सरळ ब्रेक, म्हणजे कामावरून बंद. एकदोघांना दाखवून दिलं की बाकीचे आपोआप सुधारतात.

टूलरूम_काका

सिन्नरवाले साहेब, शूजचं बरोबर आहे तुमचं. बटणाचं नाही. ब्रेक दिलात की पोरं पुठ्ठा लावायची थांबत नाहीत, तुमची पावलं वाजली की काढायला शिकतात.

ताई, ट्रेनर बोलवा, माझी काही हरकत नाही, चहा-समोसा होऊन जाईल. पण आधी एक करा. पुढच्या वेळी पुठ्ठा दिसला की प्रेस बंद करा, मोटर थांबू द्या आणि त्या पोराला शांतपणे विचारा, "पीस हातानं का धरावा लागतोय रे?" त्याच्यासमोर सुपरवायझर नको.

सातपूरला टूलरूममध्ये केस पांढरे केलेत म्हणून अंदाज सांगतो. डायमधली (पत्र्याला आकार देणारा साचा) लोकेटर पिन, म्हणजे पत्रा जागेवर बसवणारी खुंटी, झिजली असणार. पिन नवीन असते तेव्हा ब्लँक (कापून घेतलेला पत्र्याचा तुकडा) टपकन बसतो. झिजली की ब्लँक हलतो. हलला की होल सरकतं, होल सरकलं की पीस तुमच्या रिजेक्टच्या रेड बिनमध्ये आणि संध्याकाळी त्याला बोलणी. मग तो काय करणार? ब्लँक दाबून धरणार. धरायला हात मोकळा हवा, म्हणून पुठ्ठा. तुमचा पीस चांगला निघावा म्हणून तो पोरगा डायच्या तोंडाशी बोटं ठेवून बसलाय, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतोय! तुमची कस्टमर कम्प्लेंट आणि तो पुठ्ठा एकाच पिनेतून आलेत.

आता पॅनेलचं. पुठ्ठा लावून प्रेस चालतोय याचा अर्थ सर्किट जुनं आहे. बरोबर सर्किट असेल तर दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक पडतो, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. एक बांधून ठेवलं की प्रेस हलतच नाही. मेंटेनन्सवाल्याला हे काम दिवसभराचं आहे, मालकाला ट्रेनरच्या फीपेक्षा फार जड जाणार नाही.

दुसरं, प्रेस कोणता आहे ते बघून घ्या. पिन क्लचचा (जुन्या पद्धतीचा क्लच) असेल तर एकदा क्लच लागला की रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, पूर्ण फेरी करूनच थांबतो. मध्ये कोणाचा बाप थांबवू शकत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावून उपयोग शून्य. तरी विकणारे विकून जातात.

राहिली जागरूकता. मी होतो त्या एका कंपनीत सुरगाण्याच्या एका पोरानं आवाज बदलला म्हणून प्रेस थांबवला होता. भोक पाडणाऱ्या पंचाचा कोपरा उडालेला. पण त्या शिफ्टचा काउंट कमी भरला म्हणून इनचार्जनं त्यालाच सगळ्यांसमोर झापला. त्यानंतर त्या लाइनवर कोणाला आवाज ऐकू आला नाही. मशीन थांबवल्यावर काय बोलणी बसतात, पोरं तेवढंच बघतात. भिंतीवरचं पोस्टर कोण वाचतंय!

सुरक्षेबद्दल माहिती, ट्रेनिंग मागणं हा कामगाराचा हक्क आहे. १९८७ च्या दुरुस्तीनं कारखाना कायद्यात कलम १११-ए घालून तो दिला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्याच्या संहितेतही धोका दिसला तर मालकाला कळवायचा हक्क आहे, आणि मालकानं त्यावर लगेच हालचाल करायची आहे. शपथेऐवजी एवढं हिंदीत वाचून दाखवलं असतंत तरी चाललं असतं.

लाइन_लीडर_ताई

काकांना अनुमोदन. मी वायरिंग हार्नेसच्या (वायरींचे जोडलेले गुच्छ) लाइनवर आहे, सगळ्या बायका. आम्हाला आधी पीपीटी दाखवायचे, अर्ध्या डुलक्या काढायच्या. आता शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं उभ्या उभ्या कालचा रिजेक्ट पीस हातोहात फिरवतो. वायरच्या टोकाचं टर्मिनल नीट क्रिम्प झालेलं (दाबून बसवलेलं) नसतं, ओढलं की वायर हातात येते. एकदा स्वतः ओढून बघितली की सांगावं लागत नाही.

आणि शेजारी एक फळा. कोणाला काय अडतंय ते लिहायचं, समोर कोण बघणार त्याचं नाव. पहिल्यांदा कोणी लिहीना. मग एकीनं "पंख्याचा वारा लागत नाही" लिहिलं, तो दुसऱ्या दिवशी फिरवून मिळाला, तेव्हा कुठे "कटरचं गार्ड हलतंय" वगैरे यायला लागलं. पंख्याला हसू नका. आधी छोटं मागून बघतात लोक.

क्वालिटीवाली_अंबड

काका, काल डाय उतरवून बघितली. ड्रॉइंगला पिन ८ मिमीची, मायक्रोमीटरवर ७.६ आली, तीही एका बाजूनं खाल्लेली. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, दिवाळीपासून सांगतोय." कोणाला सांगितलं ते विचारलं नाही, ओळखलं. पिन बदलली, आज पीस न धरता बसतोय. पॅनेलचं कोटेशन मागवलंय.

आता एक अडचण. मागच्या शेडमधले दोन छोटे प्रेस पायपेडलचे आहेत, पिन क्लचचेच. तिथे बटणंच नाहीत. तिथे काय करू?

टूलरूम_काका

तिथे हात आत जाणारच नाही अशी व्यवस्था करायची, तोच भरवशाचा उपाय. डायभोवती फिक्स गार्ड. ब्लँक पुरता सरकेल एवढीच फट ठेवा. ६ मिमीच्या फटीतून बोट जात नाही. ब्लँक बाहेरून सरकवून द्यायचा, पीस मागच्या बाजूला घसरून पडेल अशी पट्टी लावायची. अडकला तर काढायला मॅग्नेटवाली दांडी प्रेसलाच साखळीनं बांधून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गायब. पेडलवर पत्र्याचं झाकण हवं, काही पडून स्ट्रोक बसायला नको. गार्डचे बोल्ट ॲलनचे घ्या, चावी डाय बसवणाऱ्या सेटरकडे.

आणि एट-डीमध्ये पिनचं माप लिहा, दर किती स्ट्रोकनंतर तपासणार तेही लिहा. कस्टमरचा माणूस विचारेलच.