स्टीअरिंग बॉक्समधला प्ले घरी काढावा का? मदत हवी आहे

माझ्याकडे पॉवर स्टीअरिंग नसलेली जुनी जीप असून तिचा स्टीअरिंग बॉक्स रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा आहे (यात वर्म या स्क्रूसारख्या शाफ्टवर गोळ्यांच्या आधाराने नट सरकतो आणि तो दातांनी सेक्टर शाफ्ट फिरवतो). चाके सरळ असताना स्टीअरिंगच्या कडेला सुमारे 5 सेंटिमीटर प्ले जाणवतो. तेवढे फिरवल्यावरच चाके हलू लागतात.

झाकणावरचा स्क्रू आवळला की प्ले जातो, असा सल्ला अनेकांनी दिला; पण झीज दुसरीकडे असेल तर तसे करणे चुकीचे ठरेल, म्हणून मी आधी बाकीचे जोड तपासले. इंजिन बंद, चाकांना अडण आणि चाके जमिनीवर, अशा स्थितीत मदतनीसाला स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत ठेवायला सांगितले, तेव्हा ड्रॅग लिंकचा (बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) एक बॉल जॉइंट सैल निघाला. तो बदलल्यावर प्ले निम्म्याने कमी झाला. टाय रॉड एंड (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याची टोके), चाकांची बेअरिंग आणि बॉक्सचे चॅसीवरील बोल्ट ठीक आहेत. आता बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतो, पण पिटमन आर्म (सेक्टर शाफ्टवर बसवलेला, ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) लगेच हलत नाही; म्हणून उरलेला प्ले बॉक्सचाच असावा.

माझ्या समजुतीप्रमाणे आधी वर्मच्या बेअरिंगचा ताण पाहायचा आणि मगच सेक्टर शाफ्टचा, म्हणजे झाकणावरचा, स्क्रू हाताळायचा. तोही ड्रॅग लिंक सोडवून, स्टीअरिंगचे एकूण फेरे मोजून बरोबर मध्यावर, कारण दातांची पकड मध्यावरच सर्वांत घट्ट ठेवलेली असते आणि बाजूला असताना आवळल्यास मध्यावर स्टीअरिंग जाम होण्याचा धोका असतो. स्क्रू एका वेळी अष्टमांश फेरा फिरवावा आणि लॉकनट आवळताना तो पेचकसाने धरून ठेवावा, असे मी ठरवले आहे.

बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट हाताने वर-खाली ओढला असता हलत नाही. एवढ्यावरून वर्मची बेअरिंग ठीक मानावीत का, की खालचे झाकण उघडून शिम (ताण ठरवणाऱ्या पातळ चकत्या) पाहणे आवश्यक आहे? माझ्याकडे स्टीअरिंग फिरवायला लागणारा जोर मोजण्यासाठी स्प्रिंग बॅलन्स (ताणकाटा) आहे, परंतु या गाडीची सर्व्हिस पुस्तिका मिळालेली नाही. अशा वेळी कोणत्या मापावर थांबावे? मध्यावरचा प्ले गेला, पण बाजूंना स्टीअरिंग अडू लागले, तर वर्म मध्यावर झिजला आहे असे समजून स्क्रू परत सैल करावा आणि बॉक्स बदलावा, हे बरोबर आहे का? वळणानंतर आपोआप सरळ न होणारे स्टीअरिंग मला सैल स्टीअरिंगपेक्षा अधिक धोकादायक वाटते, त्यामुळे ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी पहिली चाचणी कशी घेतली, तेही कृपया सविस्तर लिहावे.